तीन पेपर, एक पदवी आणि मधला वळसा

प्रिय ताई,

मी 32 वर्षांची आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि गेली नऊ वर्षं एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात आहे. नोकरी सांभाळून एसीसीए या ब्रिटिश हिशेबनीस संस्थेच्या परीक्षेचे 13 पैकी 10 पेपर काढले. शेवटच्या पातळीतला एसबीएल (व्यवसाय-नेतृत्वाचा पेपर) दोन वर्षांपूर्वी पहिल्याच फटक्यात निघाला, पण एसबीआरला (आर्थिक अहवालांचा पेपर) दोनदा आपटले. एकदा 46, एकदा 48. त्यानंतर पुस्तक उघडलेलं नाही. आता ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाचा अकाउंटिंगचा एमएस्सी घरबसल्या दोन वर्षांत करावा असं मनात आहे. प्रवेशाचं पत्र आलंय, डिपॉझिट भरायला पंधरा दिवस आहेत. उरलेले तीन पेपर सोडून सरळ मास्टर्स केलं तर? शेवटी मास्टर्स म्हणजे वरचंच ना? लीड्सला असलेली माझी बहीण म्हणते, करायचंच तर इकडे येऊन एका वर्षात संपव, घरबसल्या केलेल्या पदवीला कोण विचारतंय. नवरा म्हणतो, तुला पटेल ते कर. मुलगा चार वर्षांचा आहे. काय करू?

– तेरीज जुळेना

नाव झकास घेतलंत. आता मला सांगा, रात्रीचे नऊ वाजलेत, साहेबांना ताळेबंद हवाय आणि तेरीज, म्हणजे जमा आणि नावे या दोन बाजूंची बेरीज, जुळत नाही, तेव्हा आपण काय करतो? फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतो आणि घरी जातो. मीही टाकली आहे, एकदा नव्हे. पण ती रक्कम तिथे मरत नाही. ऑडिटर आल्यावर सगळ्यात आधी बोट तिथेच ठेवतो. तुमचं पत्र वाचताना मला वाटलं, या बाई एसबीआर सस्पेन्समध्ये टाकायला निघाल्यात.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण घोडं तिथेच पेंड खातंय. ‘मास्टर्स म्हणजे वरचंच ना?’ नाही. वरचंही नाही आणि खालचंही नाही. तो वेगळाच जिना आहे. विद्यापीठ पदवी देतं, म्हणजे तुम्ही अमुक विषय अमुक खोलीपर्यंत शिकलात असं सांगतं. एसीसीए, इंग्लंडमधली हिशेबनीसांची आयसीएईडब्ल्यू ही संस्था किंवा अमेरिकेतली राज्य मंडळं सदस्यत्व किंवा परवाना देतात, म्हणजे हे काम या माणसावर सोपवायला हरकत नाही असं सांगतात. एडिंबराच्या हिशेबनीसांना 1854 साली राजसनद मिळाली तेव्हापासून हा पेशा आपली परीक्षा आपणच घेत आला आहे, आणि विद्यापीठांनी अकाउंटिंग शिकवायला घेतल्यावरही त्याने ती किल्ली हातातून सोडलेली नाही. नोकरीची जाहिरात काळजीपूर्वक वाचा. ‘क्वालिफाइड अकाउंटंट’ लिहिलेलं असेल तिथे एमएस्सी चालत नाही, मग ती कितीही नामांकित विद्यापीठाची असो.

तुम्ही म्हणाल, मास्टर्सवर पेपरात सूट मिळते ना? मिळते, पण कुठल्या पेपरात ते बघा. एसीसीए आधीच्या शिक्षणावर जास्तीत जास्त नऊ पेपर माफ करते, आणि ते नऊ म्हणजे पहिल्या दोन पातळ्या. शेवटच्या पातळीचे चार पेपर, ज्यात तुमचा एसबीआर बसतो, ते प्रत्येकाला द्यावेच लागतात. आणि पहिले नऊ तर तुम्ही स्वतःच्या हिमतीवर काढून बसलात. म्हणजे दोन वर्षं आणि परदेशी चलनातली फी खर्चून तुम्हाला जी सूट मिळेल, ती अशा पेपरांची असेल जे तुमचे आधीच झालेत. दोन वर्षांनी तुम्ही नेमक्या त्याच दारात उभ्या असाल, हातात फक्त एक प्रमाणपत्र जास्त. शिवाय शेवटच्या पातळीतला पहिला पेपर निघाला की उरलेले काढायला सध्या सात वर्षं मिळतात. तुमचा एसबीएल दोन वर्षांपूर्वीचा, म्हणजे हातात पाचच्या आसपास आहेत. त्यातली दोन एमएस्सीत गेली की उरली तीन. त्यातच 2027 पासून एसीसीएची परीक्षा नव्या रचनेत होणार आहे, तेव्हा तुमचे झालेले आणि राहिलेले पेपर त्या रचनेत कुठे बसतात हे त्यांच्याकडून आजच लेखी मागवून घ्या. ओळखीतलं कोणी सांगितलं म्हणून धरून चालू नका.

हे झालं नियमाचं. पण नियम आड आला नसता तरी मी तुम्हाला थांबवलंच असतं. त्याचं कारण 46 आणि 48 या दोन आकड्यांत आहे.

पास व्हायला 50 लागतात आणि तुम्ही चार नि दोन गुणांनी हुकलात. साधारण निम्मे उमेदवार दर खेपेला या पेपरात अडकतात, तेव्हा लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. पण कुठे हुकलात याचा विचार केलात का? नऊ वर्षं हिशेब लिहिणारी बाई एकत्रित ताळेबंदाच्या आकडेमोडीत मार खात नाही. माझी पैज आहे, तुमचे गुण ‘चर्चा करा’ म्हटलेल्या प्रश्नांत गेले. एसबीआरमध्ये आकड्यांपेक्षा शब्दांचं काम जास्त असतं. आणि आता खरी गंमत. परदेशी विद्यापीठाचा एमएस्सी म्हणजे सलग दोन वर्षं हेच एक काम. तिथे तेरीज जुळवायला कोणी सांगत नाही. दर मॉड्युलला दोन-तीन हजार शब्दांचा निबंध मागतात आणि प्रश्नाची सुरुवात बहुतेक वेळा ‘चिकित्सक मूल्यमापन करा’ अशी असते. तुम्ही ज्या मास्तरांना घाबरून शाळा बदलताय, नव्या शाळेत तेच हेडमास्तर आहेत.

माझंच सांगते. चौतिसाव्या वर्षी मी परदेशातल्या एका विद्यापीठाचं मास्टर्स घरी बसून केलं. पहिला निबंध भाडेकरारांच्या हिशेबावर होता. आयएफआरएस 16 मुळे, म्हणजे भाडेकरारांच्या आंतरराष्ट्रीय लेखामानकामुळे, आर्थिक पत्रकं जास्त खरी बोलू लागली का, असा प्रश्न. मी खूश. रोज हाताखालून जाणारा विषय. वापराच्या हक्काची मालमत्ता कशी मोजायची, देणं कसं मांडायचं, घसारा, व्याज, पाच वर्षांचा तक्ता, वर जमा-नावेच्या नोंदी, सगळं चोख लिहिलं. एक आकडा चुकला नव्हता. गुण आले 52. शेरा एका ओळीचा: ‘हे सगळं बरोबर आहे, पण तुमचं म्हणणं काय?’

दोन दिवस धुसफुसले. मग उत्तर पुन्हा वाचलं आणि कळलं की मी मानक नीट उतरवून काढलं होतं, प्रश्नाला हातच लावला नव्हता. तोच प्रश्न आज कसा लिहीन ते सांगते, कारण एसबीआरलाही तुम्हाला हेच उपयोगी पडेल.

सुरुवात तक्रारीपासून करीन. 2019 मध्ये हे मानक लागू होण्याआधी विमान कंपनीने कर्ज काढून विमान घेतलं तर कर्ज ताळेबंदात दिसायचं. तेच विमान दहा वर्षांच्या भाड्याने घेतलं तर देणं तळटिपेत जाऊन बसायचं. आकाशात विमान तेच, हप्ते तसेच, पण कागदावर एक कंपनी कर्जबाजारी आणि दुसरी सडसडीत. आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाचे त्या काळातले अध्यक्ष सर डेव्हिड ट्वीडी थट्टेने म्हणायचे की, मरण्याआधी एकदा तरी विमान कंपनीच्या ताळेबंदात असलेल्या विमानात बसायचंय. मंडळाने 2016 साली मानक काढताना हिशेब मांडला, तेव्हा शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांची भाडेकरारांची बांधिलकी सुमारे 3.3 लाख कोटी डॉलर भरत होती आणि त्यातली 85 टक्क्यांहून जास्त ताळेबंदाबाहेर होती. इथवर मानकाची बाजू भक्कम.

मग उलटतपासणी. बारा महिन्यांच्या आतला करार आणि किरकोळ किमतीची वस्तू यांना सवलत आहे. कराराची मुदत किती धरायची, वाढवून घ्यायचा पर्याय वापरला जाईल की नाही, हे व्यवस्थापन ठरवतं. दुकानाचं भाडं विक्रीच्या टक्क्यांवर असेल तर तो भाग देण्यात येतच नाही. पुढची भाडी आजच्या किमतीत आणायचा दर बहुतेकदा कंपनीच्या स्वतःच्या कर्जदराच्या अंदाजावरून काढतात. म्हणजे देणं ताळेबंदात आलं हे खरं, पण किती आलं हे अजून बरंचसं कंपनीच्याच हातात. शिवाय भाड्याच्या जागी घसारा आणि व्याज आल्यामुळे व्याज-घसाऱ्याआधीचा नफा फुगतो, आणि व्यवसायात तर काडीचा फरक पडलेला नसतो. अमेरिकेच्या मानकांनी भाडेकरारांचे दोन प्रकार ठेवले ते का, हे इथे एका परिच्छेदात आणता येईल. शेवटी माझा कौल: पत्रकं जास्त खरी झाली, पण दोन कंपन्या शेजारी ठेवून तुलना करता येईल इतकी नाही, आणि का नाही ते वर दाखवलंय.

यात आकडेमोड कुठेच नाही, आणि तुम्हाला माहीत नाही असंही काही नाही. नऊ वर्षं ऑफिसात तुम्ही ही वाक्यं तोंडाने बोलत आला असाल. परीक्षेच्या कागदावर ती उतरत नाहीत, कारण आपल्याला लहानपणापासून उत्तर एकच असतं आणि ते खाली दोन रेघा मारून लिहायचं असतं असं शिकवलंय.

म्हणून माझा सल्ला असा. आधी एसबीआर काढा. डिसेंबर, मार्च, जून, सप्टेंबर, वर्षातून चारदा परीक्षा असते. तीन महिने पुरतील, पण ते पाठांतराला देऊ नका. रोज एक जुना चर्चेचा प्रश्न घ्या, घड्याळ लावून वीस मिनिटांत उत्तर लिहा आणि मग परीक्षकांचा अहवाल उघडा. एसीसीए हे अहवाल मोफत देते आणि बहुतेक विद्यार्थी ते वाचत नाहीत, यासारखा दैवदुर्विलास नाही. दर खेपेला त्यात तीच रड असते: मानकाचा मजकूर उतरवलाय, प्रसंगाला लावलेला नाही. हे तीन महिने एमएस्सीच्या दृष्टीनेही वाया जात नाहीत. ती तुमची तालीमच होईल.

मग एमएस्सी करूच नये का? असं मी म्हटलेलं नाही. पेपर झाल्यावर तुम्हाला शिकवण्याकडे वळायचं असेल, संशोधनाची आवड लागली असेल, किंवा तुमच्या कंपनीत वरच्या जागेसाठी पदव्युत्तर पदवीची अट असेल, तर जरूर करा. आणि त्या वेळी वाट कदाचित आखूडही होईल. एसीसीएच्या वरच्या पातळीवर पोचलेल्यांसाठी लंडन विद्यापीठाने 2016 साली एसीसीएबरोबर प्रोफेशनल अकाउंटन्सीचा एमएस्सी सुरू केला. तो तुमच्या वेळी सुरू असेल का ते विचारून घ्या. अशा अभ्यासक्रमात पेशाचे पेपर जमेस धरले जातात, पहिल्या पानापासून सगळं पुन्हा शिकावं लागत नाही. ज्या पेपरांना तुम्ही ओझं म्हणताय तेच तिथे भांडवल होतं.

बहिणीचं अर्धं म्हणणं मला मान्य नाही आणि अर्धं तुम्हाला परवडणारं नाही. घरबसल्या पदवीला कोण विचारतं, असं त्या म्हणतात. लंडन विद्यापीठ 1858 पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना पदव्या देतंय. दूरशिक्षण हा काल निघालेला प्रकार नव्हे. चांगलं विद्यापीठ असेल तर पदवीचा दर्जा दोन्हीकडे तोच ठेवतात. राहिलं तिथे जाऊन शिकणं. ब्रिटनमध्ये एका वर्षात मास्टर्स होतं हे खरं, आणि नंतर तिथे काही काळ नोकरी शोधायला ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो. सध्या तो दोन वर्षांचा आहे. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना अठरा महिन्यांचाच मिळेल. पण जानेवारी 2024 पासून शिकवणीच्या मास्टर्सला येणाऱ्यांना जोडीदार आणि मुलं सोबत आणता येत नाहीत. तुमचा मुलगा चार वर्षांचा आहे. बहिणीने हे सांगितलं नसेल तर त्यांना विचारा. आणि एक, घरबसल्या केलेल्या पदवीवर तो ग्रॅज्युएट व्हिसा मिळत नाही, त्यामुळे ‘आधी इथून करते, मग तिकडे जाते’ हा मनसुबा असेल तर तो आत्ताच मोडा.

ऑस्ट्रेलिया, अमेरिका यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण या पत्रानंतर कोणी ना कोणी तुमच्या कानात घालणारच, म्हणून दोन शब्द. ऑस्ट्रेलियातला मास्टर ऑफ प्रोफेशनल अकाउंटिंग मुळात ज्यांनी पूर्वी अकाउंटिंग केलं नाही त्यांच्यासाठी आखलेला आहे. इंजिनिअर, नर्स, भाषेचा पदवीधर यांना या पेशात आणण्यासाठी. तुम्ही गेलात तर पहिलं सत्र जमा-नावे शिकण्यात घालवाल. अमेरिकेत सीपीए, म्हणजे परवानाधारक हिशेबनीस, होण्याच्या परवान्यासाठी बहुतेक राज्यांनी वर्षानुवर्षं 150 क्रेडिटची अट ठेवली, त्यामुळे तिथलं 30 क्रेडिटचं मास्टर्स हे ती अट भरून काढायचं साधन झालं. अलीकडे बऱ्याच राज्यांनी दुसरी वाट मोकळी केली आहे, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका. आणि तिथे शिकवतात ती यूएस गॅप, म्हणजे अमेरिकेची स्वतःची लेखामानकं. तुमचा आजवरचा सगळा अभ्यास आयएफआरएसचा. शेवटी आलेला माल आधी विकला असं धरायची लिफो पद्धत तिथे चालते, आयएफआरएसमध्ये तिला बंदी आहे. विकासाचा खर्च ठरावीक अटी पुऱ्या झाल्या की आयएफआरएस मालमत्तेत घ्यायला लावतं, तिकडे तो सहसा सरळ खर्ची पडतो. एका भाषेत विचार करायची सवय लागलेल्या माणसाला दुसरी शिकता येते, पण ती कशासाठी शिकतोय ते ठाऊक हवं.

आता वेळेचं, कारण ‘घरबसल्या’ या शब्दाने पुष्कळांचं वाटोळं केलंय. ब्रिटनमध्ये मास्टर्स 180 क्रेडिटचं असतं आणि एका क्रेडिटला दहा तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे 1800 तास. दोन वर्षांचे आठवडे 104. भागाकार तुम्हीच करा. आठवड्याला सतरा तासांवर येतो, आणि त्यात महिनाअखेरचं क्लोजिंग, मुलाचा ताप, घरात आलेले पाहुणे, काही धरलेलं नाही. माहितीपत्रक हातात घ्या, सबमिशनच्या तारखा काढा आणि तुमच्या ऑफिसच्या क्लोजिंगच्या कॅलेंडरवर ठेवून बघा. मी हे न करता फी भरली होती. पहिल्याच वर्षी वर्षअखेरीचं ऑडिट आणि दोन निबंध एकाच आठवड्यात आले. मुदत वाढवून मागितली तर उत्तर आलं, कामाचा ताण हे कारण धरता येत नाही. आजारपण, अपघात, घरातला मृत्यू चालतो. ऑडिट चालत नाही. बहुतेक विद्यापीठांचा हाच खाक्या असतो, तेव्हा नियमावलीत तेवढं पान आधी वाचा. उशिरा दिलेल्या निबंधाचे गुण दिवसाला किती कापतात तेही त्याच पानावर सापडेल.

आणि गुणांचं मनाशी आधीच ठरवून ठेवा. ब्रिटिश मास्टर्समध्ये 50 ला पास, 60 ला मेरिट आणि 70 ला डिस्टिंक्शन. 70 च्या वर मोजक्याच पोरांना मिळतात. पंचाऐंशी-नव्वद पाहायची सवय असलेल्या माझ्यासारखीला पहिला 63 आला तेव्हा मी तोंड पाडून बसले होते, आणि गटातली एक आयरिश मुलगी माझं अभिनंदन करत होती.

पुढेमागे एमएस्सीला बसलात तर प्रबंधाची भीती बाळगू नका, पण विषय निवडताना हव्यास नको. दहा ते पंधरा हजार शब्द लिहायचे असतात. दर वर्षी निम्मा वर्ग ‘पर्यावरणीय अहवाल आणि कंपनीची नफाक्षमता’ घेतो आणि मार्गदर्शक जांभया देतात. तुमच्या टेबलावर विषय पडलेत. उधारीची वयोवार यादी तुम्हीच काढत असाल. आयएफआरएस 9 आल्यापासून बुडण्याची शक्यता आधीच धरून तरतूद करावी लागते. मग तीस दिवसांच्या उधारीला एक टक्का आणि नव्वदच्या पुढे अमुक टक्के, हे आकडे लहान-मध्यम कंपन्यांत नक्की कोण आणि कशावरून ठरवतं? गेल्या वर्षीचा आकडा पुढे ओढण्यापलीकडे कोणी काही करतं का? एवढ्यावर चांगला प्रबंध होतो. फक्त कंपनीची माहिती वापरायची तर लेखी परवानगी आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या, मागाहून नव्हे. माझ्या एका वर्गमित्राने माहिती गोळा करून झाल्यावर अर्ज केला, आणि चार महिन्यांचं काम टोपलीत गेलं.

विद्यापीठाची शहानिशा केली आहे का, ते पत्रात नाही. इंग्लंडमधलं असेल तर ऑफिस फॉर स्टुडंट्सच्या नोंदवहीत नाव आणि पदवी देण्याचे अधिकार दोन्ही तपासा. शिकवणारी संस्था एक आणि पदवी देणारं विद्यापीठ दुसरं असा प्रकार असतो, तो बेकायदा नाही, पण प्रमाणपत्रावर कोणाचं नाव येणार ते आधी विचारा. माहितीपत्रकावर एएसीएसबी या मान्यता देणाऱ्या संस्थेचा शिक्का असेल तर तो बिझनेस स्कूलच्या दर्जाबद्दल आहे. पेशाच्या परीक्षेतल्या पेपर-माफीशी त्याचा संबंध नाही, आणि एजंट मंडळी ही दोन्ही एकाच दमात बोलतात. त्यांना प्रवेशामागे कमिशन मिळतं, तेव्हा त्यांच्या उत्साहाचं कारण वेगळं शोधायला नको. फी मॉड्युलप्रमाणे भरता येते का, नापास झालं तर पुन्हा बसायचे किती, आणि मध्येच थांबावं लागलं तर 60 क्रेडिटवर सर्टिफिकेट किंवा 120 वर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं का, हेही मेलवर विचारून ठेवा. फोनवरची उत्तरं हवेत विरतात.

नवऱ्याच्या ‘तुला पटेल ते कर’वर मी काही बोलत नाही. फक्त ते आठवड्याचे सतरा तास कॅलेंडरवर त्यांच्यासमोर मांडा आणि मुलाकडे त्या वेळात कोण बघणार ते विचारा. मत आपोआप तयार होईल.

आता त्या पंधरा दिवसांचं. डिपॉझिट आत्ता भरू नका. प्रवेश कार्यालयाला आज दोन ओळींची मेल टाका की, पेशाची परीक्षा पूर्ण करायची असल्याने प्रवेश पुढच्या वर्षाच्या सत्रावर ढकलता येईल का, आणि ढकलला तर हेच प्रवेशपत्र चालेल की नवा अर्ज लागेल. बरीच विद्यापीठं एकदा पुढे ढकलू देतात. उत्तर नकाराचं आलं तरी तुमचं काही बिघडत नाही, वर्षभराने अर्ज पुन्हा करता येतो. आणि एसबीआरच्या पुढच्या बैठकीची नोंदणी कधी बंद होते ती तारीख बघा. लवकर नोंदवलं तर फी कमी पडते. सस्पेन्स खातं आधी रिकामं करू. भाडेकरारांचा तो प्रश्न घड्याळ लावून लिहा आणि उत्तर मला पाठवा, शेरा मी मारते.

– तुमची ताई